डाव्या खांद्याचा रंग

बाबांच्या कामाची लोक वाहवा करत, ती खरं म्हणजे रंगाची असे. बाबा सुतार, गावाच्या बोलीत मेस्त; त्यांचं कोरीवकाम वाईट होतं असं नाही. वेल कोरावी तर बाबांनीच, मोराच्या मानेला बाक द्यावा तर बाबांनीच. पण नवा देव्हारा ओटीवर मांडला, की बघायला आलेला माणूस आधी म्हणे, "मेस्तानू, रंग काय बरो इलो हा!" बाबा नुसती मान डोलवत. ती डोलणारी मान मला आतल्या दारातून दिसे. रंग मी दिलेला असे, आणि ते बाहेर कोणाला सांगायचं नाही, असा घरचा नियम होता.

नियम का, तर वस्तू देवाधर्माच्या. देव्हारे, पालखीचे दांडे, पूजेचे चौरंग. बाईचा हात लागला म्हटलं तर गावात चार लोक चार फाटे फोडणार. मला तेव्हा ते पटलेलं होतं. बाबा म्हणतील ते सगळंच मला पटत असे, ह्याचा आज राग येतो.

आमचं गाव मालवण आणि कुडाळ यांच्या मधलं, खाडीच्या काठचं. घरात आई, बाबा आणि मी, एवढीच माणसं. पन्नास सालानंतरचे दिवस. दारूबंदीमुळे पॉलिशला लागणारं स्पिरिट मिळायची पंचाईत झाली होती आणि मालवणातले बरेच सुतार लाखेचं पॉलिश सोडून नुसतं तेल फासून काम देत होते. आमचं काही अडलं नाही, कारण आमचा रंग परसातला होता. हिरडे जाडसर कुटून एका मडक्यात उकळायचे. दुसऱ्यात कात भिजत घालायचा. तिसऱ्यात आंबलेली पेज आणि तिच्यात गंजके खिळे. त्या तिसऱ्या मडक्याला अशी काही घाण सुटे की आई ते गोठ्यामागे ठेवायला लावी, आणि म्हैससुद्धा तिकडे पाठ करून उभी राही.

फणसाचं लाकूड नवं असताना हळदीसारखं पिवळं असतं. त्यावर आधी खरवतीची पानं घासायची. ही पानं इतकी खरखरीत असतात की त्यांच्यापुढे काचकागद नको. कोरलेल्या पाकळीच्या आत, मोराच्या डोळ्याच्या खाचेत, जिथं बोट जात नाही तिथं पान दुमडून काडीने घासायचं. मग हिरडा, मग कात, आणि सगळ्यांत शेवटी खिळ्यांचं पाणी. ते पाणी लागलं की पिवळं लाकूड डोळ्यांदेखत काळवंडत जाई, आणि खालचा कात त्यातून तांबडा डोकावे. सुकवायचं ते पडवीत, सावलीला. उन्हात ठेवलं तर वरचा रंग आधी ओढतो आणि लाकूड चिरतं. पूर्ण सुकलं की उंडीचं तेल कोमट करून तळव्याने जिरवायचं.

बाबांना ह्यातलं काही जमत नसे. ज्ञान होतं, धीर नव्हता. पहिला हात ओला असतानाच दुसरा मारत, आणि मग डाग पडला की लाकडालाच शिव्या. आईची नजर लवकर अधू झाली. त्यामुळे परकर-पोलक्यातच मी रंगाला बसले ती बसलेच. माझे हात मनगटापर्यंत काळे असत. हळदीकुंकवाला गेले की बायका कुंकू लावताना माझ्या हातांकडे बघत आणि काही बोलत नसत.

एक गोष्ट मात्र बाबांनी मला नीट शिकवली होती. करवत लाकडात अडकू नये म्हणून ते तिला मेण चोळत. त्या मेणाचा गोळा त्यांच्या हत्यारांच्या पेटीत असे. लहानपणी मी तो हाताळला आणि तशाच बोटांनी एका खुंटाळ्याच्या पोपटाला धरलं. वर रंग दिला तर पोपटाच्या पाठीवर माझी बोटं उमटली, पिवळीधमक. मेण जिथं लाकडात शिरलं तिथं रंग धरत नाही. बाबांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाले, "मेणाचा बोट रंगाच्या आधी लाकडाक लागता कामा नये. लागला तर ता लाकूड जन्मभर सांगता." मग पोपट पुन्हा तासून दिला. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक तासणीने गेलेलं होतं. धपाटा घातला तरी त्या आखूड बोटाचा वण वेगळा कळे, असं आई हसून म्हणायची.

गावाच्या सीमेवर खाडीकडे एक घुमटी आहे. तिथं राखणदार देव. हा देव लाकडाचा, बसक्या अंगाचा, रुंद खांद्यांचा. गावात काहीही करायचं तर त्याचा कौल घ्यायचा. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे गप्प उभे राहतात. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी गळली तर देवाचा होकार. डावी आधी गळली तर नकार. होडी पाण्यात घालायची, विहीर खणायची, मुलगी द्यायची, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. मुंबईला गेलेली माणसंसुद्धा नोकरी बदलायच्या आधी घरी कळवून कौल लावून घेत.

जुन्या मूर्तीला वाळवी लागली तेव्हा नवीन मूर्ती करायचं काम बाबांकडे आलं. आमच्या घराला त्याचा केवढा अभिमान! फणसाचा जुना, निबर ओंडका आणला. बाबांनी मूर्ती घडवली आणि रंग अर्थातच मी दिला. मूर्ती घरी असेपर्यंत तिच्यात देव नसतो. देवपण नारळात उतरवून तो नारळ घुमटीत ठेवतात, त्यामुळे माझा हात लागायला हरकत नव्हती. फक्त तेल लावायचं नव्हतं. कौलाच्या देवाला तेल नाही, असा रिवाज. तेलाने लाकूड गुळगुळीत झालं तर पाकळी धरणार कशी? म्हणून खरवतीने घासायचं, रंग द्यायचा आणि कोरडंच सोडायचं. दोन्ही खांदे मी इतक्या निगुतीने सारखे केले होते की डोळे मिटून हात फिरवला तर डावा कुठला, उजवा कुठला कळलं नसतं.

त्यानंतर काही महिन्यांनी तो आला. वालावलीचा होता, बोटीवर सुतार. सुट्टीवर घरी आला होता, आणि त्यांच्या घरचा देव्हारा आमच्याकडे करायला होता तो कुठवर आला बघायला आला. बाबा ओंडके बघायला गेले होते. आई आत. मी पडवीत बसून त्याच देव्हाऱ्याला कात देत होते. उठून आत जायला हवं होतं, पण अर्धा हात झालेला, सोडला तर पट्टा दिसणार. म्हणून बसून राहिले आणि मान खाली घालून कुंचला चालवत राहिले.

तो खांबाला टेकून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "म्हंजे ह्यो रंग तू देतंस?"

नियम आठवला. पण हातात कुंचला, समोर मडकं, बोटं काळी. खोटं तरी काय बोलणार?

"बोटीर कप्तानाच्या खोलयेत साहेबी पॉलिश बघलंय मी," तो म्हणाला, "पण लाकूड दिसता ता ह्या रंगात. तिकडे नुसती चकाकी." मग माझ्या बोटांकडे बघत, "बापूस सांगणा नाय तुझा नाव. कित्याक?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. मी एवढंच म्हटलं, "सुकूक दोन दिवस लागतले." तो हसला आणि गेला. मी मात्र उरलेला सगळा देव्हारा कसा रंगवला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी गुणगुणत होते आणि आई आतून विचारत होती की आज काय विशेष.

पंधरवड्यात त्यांच्याकडून मागणी आली. त्याचे काका आले, सुपारी-पान झालं. घर बरं, माणसं ओळखीची, मुलगा कमावता, आणि मुलाने स्वतःहून मुलगी सांगितलेली. आईचा आनंद तिच्या बांगड्यांच्या आवाजात कळत होता. बाबाही हसून बोलत होते. मला लग्न करायचं होतं. हे मी आज सरळ लिहिते, तेव्हा उशीत तोंड खुपसूनसुद्धा म्हटलं नसेल. मला त्याच्याशीच करायचं होतं, कारण त्याने रंग कोणाचा ते विचारलं होतं.

बाबा म्हणाले, कौल घेऊ. ते ओघानेच आलं. आदल्या दिवशी संध्याकाळी ते हत्यारांची पेटी घेऊन घुमटीकडे निघाले. देवाच्या बैठकीला फट दिसते, भरून येतो, म्हणाले. मी त्यांना पेटी उचलून दिली. स्वतःच्या हाताने.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळी घुमटीपुढे उभी होतो. गुरवाने पाकळ्या लावल्या. काळ्यातांबड्या खांद्यांवर पांढऱ्या पाकळ्या अशा उठून दिसत होत्या की माझा रंग बघून मला त्या घटकेलाही बरं वाटलं. गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच डावी पाकळी घसरली आणि देवाच्या मांडीवर पडली. उजवी जागची हलली नाही.

बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावी. मग बाबांनी हात जोडले. माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. ते पाणी मी किती वर्षं उराशी धरून होते! माझ्यासाठी बाप रडला म्हणून.

"देवान नाय म्हटल्यान, बाय," आई घरी आल्यावर म्हणाली. "तेका आता कोण काय करतलो?"

वालावलीला निरोप गेला. देवाच्या शब्दापुढे त्यांनीही वाद घातला नाही. पुढच्या सुट्टीत त्याचं लग्न झालं, कुडाळकडची मुलगी केली. त्यांचा देव्हारा मी तोवर पुरा केला होता. तो होडीत चढवताना बघायला मी खाडीवर गेले नाही.

ते वर्ष गावाला वाईट गेलं. देव कोणालाच हो म्हणेना. शेजारणीच्या नवऱ्याने नवी होडी बांधून काठावर ठेवली होती. कौल लावला की डावा, लावला की डावा. होडी उन्हात वाळून तिचे सांधे उकलले. एकाने विहिरीचा बेत सोडला. दोन सोयरिकी मोडल्या. शेजारीण आमच्या पडवीत येऊन डोळ्यांना पदर लावी, "देव आमच्यार रागावलो आसा गो." गावाने मग वर्गणी काढून देवाला मोठा मान दिला, कोंबडे झाले, जेवणावळ झाली. बाबा पहिल्या पंगतीला होते. पुढं हळूहळू कौल पूर्वीसारखे कधी डावे, कधी उजवे येऊ लागले आणि सगळ्यांना वाटलं, देव शांत झाला.

मी मात्र शांत झाले नाही. नंतर दोन स्थळं आली. मी कौल लावूच दिला नाही. ज्याने एकदा तोंडावर नाही म्हटलं त्याच्या दारात पुन्हा पदर पसरायला मी जाणार नव्हते. देवाशी मी अबोला धरला. बाजाराला जाताना घुमटी आली की तोंड फिरवायची. आई कानांवर हात ठेवायची, देवाला असं करू नये म्हणायची. मी म्हणे, त्याने केलं ते चालतं? बाबा अशा वेळी ओटीवर काहीतरी तासत असत. त्यांनी मला एकदाही दटावलं नाही, आणि मला वाटे, बाबा माझ्या बाजूने आहेत.

वर्षं अशी गेली की माझं वय घरात कोणी काढेनासं झालं. काम वाढत होतं. मुंबईच्या दुकानांसाठी लोक कोरलेले हत्ती, दीपस्तंभ, नावाच्या पाट्या नेऊ लागले. रंग माझा, नाव बाबांचं. कोयनेचा भूकंप आमच्यापर्यंत जाणवला, भिंतीवरची भांडी वाजली, त्याच्या पुढच्या चैत्रात गावाने ठरवलं की राखणदाराचा रंग फिका पडलाय, तो नवा करावा. इतक्या वर्षांच्या ओल्या पाकळ्यांनी आणि पुसण्याने मूर्ती राखाडी झाली होती. देवपण पुन्हा नारळात उतरवलं आणि मूर्ती आमच्या पडवीत आली.

मी तिच्यासमोर बसले तेव्हा आधी बोललेच नाही. अबोला होता ना! मग खरवतीची पानं भिजवून घासायला घेतली. जुना रंग, दिव्याची काजळी, सगळं उतरवलं. खालचं फणसाचं लाकूड वयाने तपकिरी झालेलं होतं, पण निर्मळ. रात्रभर सुकू दिलं. सकाळी हिरडा दिला, तो सुकल्यावर कात दिला, आणि खिळ्यांचं पाणी घेऊन उजव्या खांद्यापासून सुरुवात केली. उजवा खांदा झरझर काळवंडला. छाती झाली. मग डावा.

डाव्या खांद्यावर रंग धरेना.

सगळा खांदा काळा झाला, पण मध्ये तीन पट्टे फिकेच राहिले. वरून खाली ओढलेले. रंगाचं पाणी त्यांच्यावर थेंब होऊन उभं राही आणि ओघळून जाई. मी पुन्हा कुंचला फिरवला. पुन्हा थेंब. मला पोपटाची पाठ आठवली. मी माझी तीन बोटं त्या पट्ट्यांवर ठेवून पाहिली. दोन जुळली. मधला पट्टा माझ्या मधल्या बोटाला जुळेना. तो आखूड होता.

ते कळायला फार वेळ लागला नाही. उलट सगळं एकदमच कळलं: बैठकीची फट, संध्याकाळची पेटी, दोनदा घसरलेली पाकळी, शेजारणीची वाळलेली होडी. मी मूर्तीपुढे तशीच बसले आणि माझ्या तोंडून आवाज निघाला तो ऐकून आई आतून आली.

तिची नजर अधू होती, पण काळ्यावरचे फिके पट्टे तिला दिसले. ती वाकली, बघितलं. हे काय, असं तिने विचारलं नाही. मी वाट बघत होते, तिने विचारावं म्हणून. ती म्हणाली, "पुसून टाक ता. कोण येयत."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. बाबांनी केलं त्यापेक्षा मला आईच्या त्या न विचारण्याने जास्त जाळलं. माझ्या लग्नाची पैठणी काढून उन्हात घालणारी आई! देवाने नाही म्हटलं म्हणून माझे डोळे पुसणारी आई! कुठल्या मनाने पुसत होती ती?

बाबा बाहेरून आले तेव्हा मी बाजूला झाले नाही. मूर्ती त्यांच्याकडे वळवून ठेवली. त्यांनी खांदा बघितला, मग नकळत आपला उजवा हात धोतराच्या निऱ्यांत लपवला. लहान मुलासारखा. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. चुकलं म्हणतील, किंवा तू खोटं बोलतेस म्हणतील. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू गेल्यार रंग कोण देतलो?"

एवढंच. जणू मी मूर्खासारखा प्रश्न विचारला होता आणि त्यांनी सरळ हिशेब सांगितला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, देवाला खोटं बोलायला लावलंत? सगळ्या गावाला फसवलंत? ती होडी? त्या दोन मुली? ते म्हणाले, "ता मेण जाताला असा वाटलेला." मी म्हटलं, आणि मी? आई दारात उभी राहून मला गप्प करायला हातवारे करत होती.

मी बोंब मारली असती तर गावाने त्यांना वाळीत टाकलं असतं. गुरवाने घुमटीची पायरी चढू दिली नसती. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मूर्तीकडे बघितलं आणि लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्याला बघून मी इतकी वर्षं तोंड फिरवलं त्याने मला कधी नाही म्हटलंच नव्हतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. फसवलेले आम्ही दोघे होतो, मी आणि तो.

मग मी ते मेण काढलं, त्याच्यासाठी. निखाऱ्यावर लोखंडी पळी तापवून, लाकूड जळणार नाही इतकी जवळ धरायची, मेण पाझरलं की जुन्या धोतराच्या फडक्याने टिपायचं. असं कितीदा केलं असेल. मग खरवत, मग पुन्हा पहिल्यापासून तिन्ही मडकी. शेवटी डोळे मिटून दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला. सारखे होते.

मूर्ती परत बसवायच्या दिवशी गावात रिवाज असा, की पहिला कौल घडवणाऱ्या मेस्ताचा. काय वाटेल ते विचारावं. निघण्यापूर्वी मी बाबांपुढे उभी राहिले. "पयलो कौल तुमचो," मी म्हटलं. "त्या सालचा इचारा. देवान खराच नाय म्हटल्यान होता काय, तां सगळ्यांसमोर इचारा. माका आणि काय नको." मला खरंच आणखी काही नको होतं. गेलेली वर्षं काही कोणी मडक्यात भिजवून परत आणणार नव्हतं. देवाच्या तोंडून एकदा खरं काय ते निघावं, आणि ते बाबांनी माझ्यासाठी विचारावं, एवढंच मागत होते. बाबांनी मान हलवली. हो म्हटलं त्यांनी. मी विश्वास ठेवला. पुन्हा!

घुमटीपुढे सगळा गाव. शेजारीण माझ्याच बाजूला उभी होती. कितीतरी वर्षांनी मी देवाकडे सरळ बघितलं. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि बाबांना पुढं बोलावलं. बाबा हात जोडून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. गुरव म्हणाला, "बोला मेस्तानू, म्हाराजाक ऐकाक येंदेत." बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, "बा देवा म्हाराजा! आता मी म्हातारो झालंय. माझा चेडू माझ्या मरणापर्यंत माझ्याकडेच रवतला काय, तां सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला, गाऱ्हाण्याला ओरडतात तसा.

बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. लेक शेवटपर्यंत जवळ हवी म्हणतो, बापाची किती माया, म्हणून. शेजारणीने माझा हात दाबला. मी पाकळ्यांकडे बघत राहिले. बराच वेळ कुठलीच हलेना. खाडीवरून वारा येत होता. मग उजवी पाकळी सुटली, छातीवरून घसरत आली आणि देवाच्या पायाशी पडली.

ह्या खेपेला मेण नव्हतं. दोन्ही खांदे मीच सारखे केले होते. देवाला खोटं पाडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि माझं त्याच्याशी भांडणही मिटलं होतं. तेव्हा मी राहिले. बाबांना वेळेवर पेज दिली, दुखण्यात त्यांचे पाय चेपले, आईचंही शेवटपर्यंत केलं. देवाचा शब्द मोडला नाही.

मूर्ती बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी कोरून पुरा केलेला एक चौरंग माझ्यापुढे आणून ठेवला, नेहमीसारखा. मी तिन्ही मडकी परसात नेली आणि माडाच्या मुळात ओतली. बाबा पडवीच्या टोकाला येऊन उभे राहिले.

"रंग?" ते म्हणाले.

"मी रवतलंय," मी म्हटलं. "रंगाचा तुमी देवाक इचारूक नाय."

पुढं गावातले लोक गणपतीचे पाट, होड्यांवरच्या कोरीव पाट्या घेऊन रंगासाठी येऊ लागले, ते माझं नाव घेऊन येत, आणि मी नवी मडकी लावून ओटीवर सगळ्यांसमोर बसून त्यांना रंग देई. बाबा त्याच ओटीच्या दुसऱ्या टोकाला तासत बसत. ते गेले तोवर त्यांच्या हातचं सगळं काम ह्या घरातून पिवळंच बाहेर गेलं.